हवालदारांची इटली

इटलीचं गाणं लागलं की हवालदार उठून उभे राहत. टाचा जुळवत, हात सरळ खाली सोडत आणि गाणं संपेपर्यंत हलत नसत. मग ट्रान्झिस्टरकडे बघून म्हणत, "ग्रात्सिए." आणि खाली बसून चहा मागत.

युरोपातल्या देशांची दरवर्षी गाण्यांची स्पर्धा होते, प्रत्येक देश एक गाणं पाठवतो आणि ती घरोघरी टेलिव्हिजनवर दिसते, हे मला साताऱ्यात हवालदारांकडून कळलं. सत्तरच्या दशकात आमच्या पेठेत टेलिव्हिजन कुणाकडेच नव्हता. उन्हाळ्याच्या सुमारास ती स्पर्धा होई आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शॉर्टवेव्हच्या एका परदेशी केंद्रावर तिची गाणी आणि निकाल लागत. निकाल इंग्रजीत. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो, म्हणून मला बोलावणं येई.

"मास्तर, या. आज आमच्या गड्याची कुस्ती हाय."

गल्लीत थट्टा चाले. कुणी जाता जाता विचारी, "हवालदार, आज सासरवाडीचा कार्यक्रम व्हय?" आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज येई, "व्हय की! माझं म्हायार मेढ्याला, आन् ह्यांची सासरवाडी समुद्रापल्याड!"

तुम्हालाही हसू येईल. मलाही येई, हकीकत कळेपर्यंत.

महायुद्धात हवालदारांची पलटण इटलीत होती. तिथल्या डोंगरात मांडीला गोळी लागून ते मागे राहिले आणि एका म्हातारीनं त्यांना गोठ्याच्या माळ्यावर गवतात लपवलं. घरात खायला फारसं नव्हतं. ती आपल्यातला पाव त्यांना देई आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसे. ती जेवत नाही हे त्यांना दिसू नये म्हणून. मग एका सकाळी पलटणीची माणसं आली आणि त्यांना उचलून घेऊन गेली.

"उपकार झालं म्हणायचं व्हतं," हवालदार सांगत. "पर त्यांच्यात कसं म्हणत्यात, तेच म्हाईत न्हाई. फुडं दवाखान्यात शिकलो. तवर म्हातारी ऱ्हायली मागं."

गावाचं नाव त्यांना कधी कळलं नव्हतं. म्हणजे ते 'ग्रात्सिए' पोचवायला अख्ख्या इटलीखेरीज दुसरा पत्ता नव्हता.

एका वर्षी इटली पार खाली गेली. मी बिचकतच सांगितलं.

"गायला कसा?" त्यांनी विचारलं.

"मला तर चांगला वाटला, काका."

"मग पडला तर पडला. आमच्या जत्रंत चांगला लढल्याला गडी हरला तरी फेटा बांधत्यात."

दुसऱ्या दिवशी ते अबोली रंगाचा कोरा फेटा घेऊन माझ्या दारात उभे. पार्सलावर पत्ता घाला म्हणाले.

"काका, असं कुणी पाठवत नाही."

"तुमी कवा पाठवून बघितलंय?"

"नाही."

"मग?"

काकूंना वेगळीच काळजी होती. "आवं, त्याला बांधता तरी यील का?"

"न्हाई आलं तर गळ्यात गुंडाळंल. लय थंडी असती तिकडं."

गाणाऱ्याचं नाव रेडिओच्या खरखरीत नीट ऐकू आलं नव्हतं. 'इटलीकडून गायलेले गृहस्थ' असं इंग्रजीत लिहून खाली त्या रेडिओ केंद्राचा पत्ता घातला. उत्तराची वाट मी पाहिली, त्यांनी पाहिली नाही. पुढे कधीतरी मी विषय काढला तर म्हणाले, "म्हातारीनं कुठं माझ्या उत्तराची वाट बघितली?"

हवालदार एका थंडीत दम्यानं गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला त्या स्पर्धेची आठवणही नव्हती. काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली. ट्रान्झिस्टर उंबऱ्यावर ठेवला होता. मी केंद्र लावून दिलं. एरवी गाण्यांच्या वेळी त्या चुलीपाशी असत. त्या दिवशी पदर आवरून समोर बसल्या. एकेका देशाचं गाणं होत गेलं. इटलीचं लागलं, तसं मी त्यांना सांगितलं.

कान देऊन ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "मास्तर, ह्यात त्या म्हातारीचं काय हाय का वो?"

"मला ती भाषा येत नाही, काकू. प्रेमाचं असावं."

"मग हाय," काकू म्हणाल्या. "आवाज वाढवा जरा."