चाराच्या अलीकडे

माझ्या मुलीनं गाडीच्या सुट्या भागांसाठी एक वही केली होती. आजोबांच्या जुन्या, चौकोनी गाडीत तिला एका मोठ्या जीपचं इंजिन बसवायचं होतं. एवढी ताकद मागच्या दोन चाकांना झेपणारी नव्हती, म्हणून ती चारही चाकांना द्यायची. गिअरपेटी, दोन लांब शाफ्ट, पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल, अशी एकेका भागाला एक ओळ आणि ओळीच्या शेवटी दोन चौकटी होत्या. एक मोजणाऱ्याच्या सहीची, दुसरी तपासणाऱ्याच्या. ही पद्धत तिनं माझ्याकडून उचलली. वाळूजला गिअरच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासणीत काढली आणि दुसऱ्या सहीशिवाय माझ्या टेबलावरून काहीही पुढं सोडलं नाही. दुसरा मोजत असेल तेव्हा पहिल्यानं बाहेर बाकावर जाऊन बसायचं, असा माझा नियम होता. लोक त्या बाकाला वैतागायचे. वैतागू देत, मी म्हणायचो.

वहीत एकाच ओळीची दुसरी चौकट रिकामी होती. मागच्या अॅक्सलची. तो मी निवडला होता.

पुढच्या चाकांचा अॅक्सल आधी मिळाला. त्याचं चाक एकदा फिरलं की शाफ्ट चार पूर्ण आणि वर एक दशांश फिरायचा. मागचाही तंतोतंत तसाच हवा. नसेल, तर पुढची चाकं एक वेग मागतात आणि मागची दुसरा. मातीत चाकं घसरतात आणि निभावून जातं. कोरड्या डांबरावर काही घसरत नाही. सगळा ताण शाफ्टमध्ये आणि गिअरपेटीत साठत जातो आणि शेवटी काहीतरी तुटतं. आमचा एक शाफ्ट पातळ पत्र्याखालून थेट तिच्या सीटच्या कडेनं जात होता. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच ते काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं.

भंगार बाजारात माझ्यासोबत मिस्त्री होते. मूळचे सिल्लोडचे, उस्मानपुऱ्यात तीस वर्षांपासून गॅरेज, कमी बोलणारे. गाडी तेच जोडत होते. ऊन मी म्हणत होतं आणि भंगारवाल्याशी माझी आधीच वाजली होती. मी शाफ्टच्या तोंडावर खडूची खूण केली, मिस्त्रींनी एका बाजूचं चाक पायानं दाबून धरलं, मी दुसरं दोनदा फिरवलं. एक चाक रोखलेलं असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांना एक फेरी धरतात. खूण चारदा वर आली आणि वरच्या टोकाजवळ थांबली. चाराच्या थोडी अलीकडे की थोडी पलीकडे? मला पलीकडे हवी होती, आणि मला ती पलीकडे दिसली.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, पाय जरा सरकला माझा. अजून एकदा मोजून घिऊ."

"मिस्त्री, सव्वीस वर्षं दातेच मोजलेत मी," मी म्हणालो. भंगारवाला हसला. मिस्त्रींनी पाय काढून घेतला.

त्यानंतर गाडी तयार होईचना. आधी बोल्ट आले नाहीत, मग सील गळतंय म्हणाले, मग शाफ्ट पुन्हा बॅलन्स करायचा म्हणाले. मी गॅरेजात जाऊन दर वेळी आवाज चढवला. कामचुकारपणा मला सहन होत नाही, हे मी त्यांना त्यांच्याच दारात ऐकवलं. ते हात पुसत उभे राहायचे.

शेवटी गाडी बाहेर पडली. मुरमाच्या मैदानावर अशी पळाली की मुलगी उतरून मला बिलगली. दुसऱ्या दिवशी तिनं सीटजवळचा दांडा ओढून चारही चाकं जोडली, गाडी बायपासवर काढली, आणि गॅरेजात परत आल्यावर दांडा चारवरून दोनवर येईना. दोन्ही हातांनी ओढूनही नाही. गाडी थोडी मागं घेतली तेव्हा खालून दणका बसला आणि दांडा सुटला.

अशा गाडीचा दांडा वळणावर अडतो, त्यात विशेष काही नाही. पण बायपास सरळ आहे. म्हणजे बहुतेक मागचा अॅक्सल पुढच्याशी जुळत नव्हता.

मुलीला वाटलं, दांड्याची जोडणी घट्ट झाली. ती मिस्त्रींना बरंच बोलली. उद्या सकाळी चौक्याच्या घाटात पुण्याहून दोन माणसं गाडी बघायला येणार होती, रॅलीच्या संघातली, आणि हे असलं काम. तिचा आवाज, खोटं कशाला सांगू, माझाच होता. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्या रिकाम्या चौकटीचा विचार करत होतो आणि गप्प बसलो. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मुलीच्या नजरेतून उतरायची भीती जास्त होती.

गाडी रात्री आम्ही घरी आणली होती. सकाळी मी हट्टानं तिच्या शेजारी बसलो. हर्सूल सोडलं तेव्हा माझा फोन वाजला. मिस्त्री. परत काहीतरी कारण असणार, म्हणून मी कट केला. लगेच पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. घाटाच्या पायथ्याशी रस्ता कोरडा ठणठणीत होता. तिनं गाडी हळू केली आणि हात दांड्याकडे नेला. मी त्यावर माझा हात ठेवला.

"ओढू नकोस. मागचा अॅक्सल मी एकदाच मोजलाय. चुकलाय बहुतेक."

तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग विचारलं, "काल माहीत होतं?"

"हो."

ती उतरली, पुण्याच्या माणसांना फोन करून येऊ नका म्हणाली, आणि मागच्या दोनच चाकांवर गाडी उस्मानपुऱ्यात आणली. एवढ्या वाटेत तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मिस्त्री गॅरेजच्या पायरीवर बसले होते. आमच्या बजाजनगरच्या घरी जाऊन, कुलूप बघून परत आले होते. गाडी वर उचलली. या वेळी चाक मुलीनं फिरवलं, दोन नव्हे, वीस फेऱ्या. खूण प्रत्येक वेळी थोडी थोडी मागं पडत गेली. चाराच्या अलीकडे. तीन पूर्णांक नऊ दशांश.

मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्याच दिवशी मोजलं होतं, साहेब. तुम्ही गेल्यावर."

म्हणजे बोल्ट, सील, बॅलन्स या वेळ काढायच्या सबबी होत्या. सगळं मला एकदम कळलं. सांगितलं का नाही, मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज सवयीनं चढलाच.

"तीनदा आलं तोंडात," ते म्हणाले. "तुम्ही ऐकलं असतं का? रात्री डोळा लागला नाय. सकाळी म्हटलं, कामचोर बोलो या कुछ भी बोलो, अब सांगायचंच. तर तुम्ही फोन उचलंना."

मुलीनं त्यांची माफी मागितली. मीही मागितली, पण माझे शब्द धड जुळले नाहीत. माफी मागायची मला सवय नाही. 

दुसरा अॅक्सल मिळायला पंधरा दिवस लागले. तो मी गॅरेजातच मोजला, वीस फेऱ्या, आणि वहीत आकडा लिहून सही केली. मुलीनं माझा आकडा हातानं झाकला आणि वही मिस्त्रींपुढं धरली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आता तुम्ही बाहेर बसा. ताईंनी नियम सांगितलाय मला."

बाहेर दोन टायरांवर एक फळी टाकलेली होती. मी तिच्यावर बसलो. आत चाक फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. कारखान्यातल्या बाकावर मी किती माणसं बसवली असतील, आणि त्यांना काय वाटत असेल याचा एकदाही विचार केला नाही. चाक थांबलं. पेन मागितल्याचा आवाज आला. मी उठून आत डोकावलो नाही.

"बाबा," मुलीनं हाक मारली, "या आत."