क्लासवाल्यांनी दाखवलेली प्लॉटची साइट

मंडळी, आज डोक्यात एक कोडं घेऊन घरी आलोय.

केजला एका पतसंस्थेच्या हॉलमध्ये ‘प्लॉट विका, श्रीमंत व्हा’ असा क्लास चाललाय. मी आणि माझा गाववाला दत्ता, दोघांनी फी भरली. आज सरांनी सगळ्यांना जीपमधून साइट दाखवायला नेलं. सपाट जमीन, चुन्याच्या रेषा, झाड एकही नाही. सर म्हणाले, “गिऱ्हाईक आणा, कमिशन तुमचं!”

मी कडेचा दगडी बांध बघितला आणि दत्ताला हळूच म्हणालो, “आरं, हे तर आपलं तळं हाय! दुष्काळानं आटलंय.”

“मला दिसंना का? इथंच बुडत होतो तवा तूच केस धरून वर काढलंस.”

“मग बोलत कावून न्हाईस?”

“फी भरलीय बे. पाऊस पडायच्या आत दोन प्लॉट विकू दे, मग बोलतो.”

सरांना तळं माहीत होतं का? आणि दत्ताला हे सरांनी शिकवलं, का आधीच येत होतं? तुम्हाला काय वाटतं?

ऐन दुष्काळात पाऊस लांबावा म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला.