दिवाळसणाची घोडी आणि रिसीव्हर

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. पनवेलच्या टांगा अड्ड्यावर माझी घोडी सर्वांत म्हातारी आणि माझी जीभ सर्वांत तरणी. पळस्प्याला जाईपर्यंत घोडी चारदा थांबे, आणि ते झाकायला मी उतारूंना गोष्टी सांगे. सगळ्यांत खपायची ती माझ्या लग्नाची. मिठाचा व्यापारी सासरा मांडवात टांगा-घोडी देऊ करतो आणि मी म्हणतो, "मुलगी आणि नारळ. तिसरी चीज पुढे केलीत तर मुंडावळ्या सोडीन." म्हाताऱ्या डोळे पुसत. बायकोने ती इतक्यांदा ऐकली की तिलाही ती खरी वाटू लागली.

खरं काय ते मांडवातल्या लोकांना ठाऊक. नवरी अजून घरात होती. मी पाटावर बसलो तो उठेचना. आधी टांगा-घोडी कबूल करा, मग अंतरपाट धरा. नवरदेवाने थोडं रुसायचं ही रीतच, पण मी इतका रुसलो की लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने शिजून त्यांचा भात झाला. शेवटी सासरा म्हणाला, "दिवाळसणाला देतो, आता उठा." आणि दिवाळसणाला त्याने खरंच दिली.

पुढल्या वर्षी सासऱ्याची मिठाची गलबतं बुडाली. मीठ पाण्यात गेल्यावर काय उरणार? कोर्टाने त्याला नादार ठरवलं आणि उरलंसुरलं गोळा करून घेणेकऱ्यांत वाटायला एक रिसीव्हर नेमला. हा किडकिडीत गृहस्थ एकदा माझ्याच टांग्यात बसला. मी त्याला नारळाची गोष्ट अगदी रंगवून सांगितली, आणि ही घोडी सासऱ्याने पुढे आपणहून दिली हेही. आठवड्याने दाव्याचं समन्स आलं. घोडी परत करा.

कायदा असा, की नादारीच्या आधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेली चीज रिसीव्हर परत ओढू शकतो. लग्नाआधी, लग्नाच्या अटीवर कबूल केलेली मात्र सुटते. हे मला माहीत नव्हतं. वकिलाची फी वाचवायला जबाब मीच लिहिला: 'लग्नात मी नारळाशिवाय काही घेतले नाही. घोडी पुढे सासऱ्यांनी प्रेमाने, विनाअट दिली.' वाचून माझेच डोळे भरून आले. रिसीव्हरचेही भरले असावेत. त्याने लगोलग अर्ज टाकला, की प्रतिवादीला सगळं कबूल आहे, साक्षीपुरावा कशाला, थेट निकाल द्या.

मग धावलो वकिलाकडे.

"इतक्या सुंदर अक्षरात स्वतःचा गळा कापलेला माणूस मी पाहिला नाही," तो म्हणाला. "आता खरं सांगा. घोडी हवी की अब्रू?"

मला पोट होतं. घोडी म्हणालो.

तारखेला बायको ठेवणीतलं लुगडं नेसून आली. नवऱ्याचा मोठेपणा कोर्टात वाचला जाणार म्हणून शेजारणीलाही घेऊन आली. वकिलाने माझं नवं प्रतिज्ञापत्र वाचलं. पाट, रुसवा, भात, सगळं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग पहिल्या जबाबात नारळ कुठून आला?"

"साहेब, नारळ खरा होता."

कोर्टात सगळे हसले. एक बायको सोडून.

सासरा मागून उठला. "खरं हाय, साहेब. मी पाया पडलो, पन घोडी कबूल करीपर्यंत हे उठले नाय. आमी नवरीला दोनदा दारातनंच परत आत नेली."

न्यायाधीश म्हणाले, "दोन्ही जबाब एकाच माणसाचे. कोणता खरा ते साक्षी ऐकल्याशिवाय ठरत नाही. थेट निकालाचा अर्ज नामंजूर."

पुढे वऱ्हाडातले बाराजण माझा हावरेपणा शपथेवर सांगून गेले आणि घोडी माझी ठरली.

पण अर्ज नामंजूर झाला त्या दिवशी मी बाहेर येऊन टांगा जोडला, तर बायको शेजारच्या टांग्यात चढत होती.

"अगं, आपला टांगा हाय ना?"

"तुमचा हाय," ती म्हणाली. "तुमी त्याच्याशी लगीन लावलंत. मी वर मिळाले."

मी रिकामा टांगा घेऊन मागे निघालो. घोडी कोर्टाच्या फाटकातच थांबली. घरी पोचलो तेव्हा बायको दारात भाडं मोजून देत होती आणि तो टांगेवाला कानाला हात लावून नको म्हणत होता.

"वहिनी, तुमच्याकडनं कसं घेऊ?"

"घे," ती म्हणाली. "फुकट दिलेलं लोक कोर्टात परत मागतात."