दादासाठी मी नाकारलेला लाल प्रकाश

आमच्या घरात दादा गेल्यापासून दोन स्वयंपाक होत आले. एक वहिनी स्वतःपुरता करायची, दुसरा तिची सून बाकीच्यांसाठी. वहिनी सुनेच्या हातचं खात नसे. याचं कारण सगळ्या वाडीला ठाऊक आहे: दादाच्या आजारपणात सुनेने त्याला तिखट घातलं, त्याचं तोंड पोळलं आणि तो शेवटपर्यंत धड जेवला नाही.

हे खोटं आहे. ते खोटं आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होता. निवृत्त होऊन रत्नागिरीला आला तरी हाताने करून घालायची हौस गेली नाही. बांगडा तव्यावर टाकला की त्याच्या वासावरून मीठ कमी आहे का ते सांगायचा. तंबाखू मात्र सुटली नाही. गालाच्या आत गाठ आली, मुंबईला ऑपरेशन झालं आणि पुढे काही आठवडे रोज रेडिएशन घ्यायचं ठरलं. पुतण्याची खोली मुंबईतच होती. वहिनीला दम्यामुळे तिथले जिने चढवत नसत, म्हणून ती इथेच राहिली. पुतण्याची नोकरी. तेव्हा दादाला इस्पितळात नेणं-आणणं माझ्याकडे आणि सुनेकडे आलं. मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलेला, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायचं मी, असं आपोआप ठरलं.

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. हातखंब्याच्या एका हॉलमध्ये मोफत आरोग्य शिबिर होतं. कोट घातलेला एक माणूस लाल दिवा दाखवून सांगत होता की याने साखर, रक्तदाब, गुडघे, सगळं बरं होतं. मी दिवा घेतला. गुडघ्यावर धरला की ऊब लागायची, बरं वाटायचं. त्या भरात मी साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि चक्कर येऊन अंगणात पडलो. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. दादा हसून म्हणाला, "अरे, तो दिवा पडवीत टांग. लोकांना वाटंल हॉटेल काढलंय!" पुढे कितीतरी दिवस घरी आलेल्या प्रत्येकाला तो माझ्याकडे बोट दाखवून विचारायचा, "शेटचा दिवा बघितलात काय वो?" मी हसायचो, पण ते मला फार लागलं होतं.

रेडिएशन सुरू होण्याआधी दादाला दातांच्या विभागात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने दात तपासले आणि म्हणाली, "रेडिएशनने तोंडात फार फोड येतात, गिळता येत नाही. ते कमी व्हावेत म्हणून आम्ही रोज आधी काही मिनिटं तोंडात लाल प्रकाश धरतो. दुखत नाही, भाजत नाही. यासाठी रोज थोडं लवकर यावं लागेल."

मी विचारलं, "याने कॅन्सर बरा होतो का?"

"नाही. हा कॅन्सरचा उपचारच नाही. फक्त तोंड सांभाळायला."

"मग राहू द्या. असला दिवा आमच्या घरी आहे."

ती आणखी काही सांगणार होती, पण मी उठलो. दादाने माझ्याकडे बघितलं. त्याला नीट बोलता येत नव्हतं. त्याने खांदे उडवले, म्हणजे तू म्हणशील तसं. बाहेर आल्यावर सून हळूच म्हणाली, "काका, घेऊया ना. मी आणीन त्यांना लवकर."

"एकदा फसलोय मी असल्या दिव्यांना," मी म्हणालो. "तुला काय कळतंय त्यातलं?"

सासऱ्याच्या भावापुढे ती याहून जास्त काय बोलणार होती?

पुढे तोंड आलं. आतून सगळं सोललं गेलं. सून मऊ भाताची पेज करायची, निवेपर्यंत पंख्याखाली ठेवायची, मीठसुद्धा घालायची नाही. तरी एक चमचा गिळताना दादाचे डोळे वाहायचे. एक दिवस त्यानेच खुणेने कुळथाची पिठी मागितली. ती नको नको म्हणत होती, पण तो हट्टाला पेटला. शेवटी तिने केली, मिरचीचं नावसुद्धा न घेता. एक घास घेतला आणि तो कळवळला. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. मागून त्याचं कण्हणं तिला ऐकू गेलं.

"काय घातलंस त्यांना?"

"पिठी, आई."

पिठी म्हटली की मिरची आलीच, असं वहिनीने धरलं, आणि तिथून पुढचं सगळं त्या एका शब्दावर उभं राहिलं.

त्याच दिवसांत सून मला दुसऱ्यांदा म्हणाली, "काका, त्या डॉक्टरीणबाईंना आता तरी विचारू." मी म्हणालो, आता काय उपयोग. खरं तर मला त्या मुलीसमोर परत जायची लाज वाटत होती. आता उपयोग झाला असता की नाही, मला माहीत नाही. मी विचारूच दिलं नाही. नंतर नाकातून नळी घालावी लागली. दादा नळीसकट घरी आला, वाळून काठी झालेला. आजार पुन्हा उलटला आणि वर्षभरात तो गेला. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला पिठीची गोष्ट सांगत राहिली. पुतण्या आणि सून मुंबई सोडून इथे राहायला आले, तेव्हा ती गोष्ट सुनेच्या आधी घरात येऊन बसलेली होती.

त्या लाल प्रकाशाचं खरं काय ते मला कळलं अगदी अलीकडे. गुडघ्यांसाठी शहरातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जाऊ लागलो. तिथल्या बाईंनी गुडघ्यावर लाल प्रकाशाचं यंत्र लावलं तसा मी म्हणालो, "तुम्हीसुद्धा हा धंदा करता?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या घरचा दिवा ऊब देतो, तेवढंच. हा प्रकाश मोजून द्यावा लागतो. कुठल्या जातीचा, किती, किती वेळ, ते ठरलेलं असतं. आणि यानेही गुडघा नवा होत नाही. काहींचं दुखणं थोडे दिवस कमी होतं, काहींचं नाही. अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत. खरं काम तुमच्या व्यायामाचं."

"मग साखर, रक्तदाब?"

"छे! त्याला काही आधार नाही. केस गळतात त्यांना थोडा फायदा दिसलाय. जखमांचं अजून पक्कं नाही. सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो तोंडाचा. कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये तोंड येतं ना, ते कमी करण्यासाठी. मोठ्या इस्पितळांत देतात."

माझा गुडघा त्यांच्या हातात होता. मला दातांच्या विभागातली ती डॉक्टर मुलगी आठवली.

त्या प्रकाशाने दादा वाचला नसता, हे मी जाणतो. पण कदाचित थोडं जेवला असता. जन्मभर दुसऱ्यांना करून घातलेला माणूस चव घेऊन गेला असता. आणि त्याच्या सुनेवर आळ आला नसता.

पितृपक्षात दादाचा म्हाळ होता. त्या दिवशी पितरांसाठी स्वयंपाक करायचा मान घरच्या सुनेचा, पण वहिनी दर वर्षी शेजारच्या बाईला बोलावते. आदल्या दिवशी वहिनी मागच्या दारी अळू चिरत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"ते जेवले असते?"

"सांगता येत नाही. थोडंफार जेवला असता."

"आणि भावोजी, तुम्ही इतकी वर्षं तिच्याच हातचं जेवताय!"

ती उठून आत गेली. सुनेला सांगितलं तेव्हा ती रडली नाही की बरं झालं म्हणाली नाही. "आईंना एकट्यांना सांगून काय होणार, काका? वाडीत मी तोंड कसं दाखवते, ते मलाच माहीत. चार माणसांत सांगा."

म्हाळाच्या पंगतीला भाऊबंद बसले होते. मी पानावर बसूनच बोललो. जेवणं थांबली. एक चुलता म्हणाला, "जाऊ दे रे. जुनं झालं ता."

स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "तुमच्यासाठी जुनं असेल."

पुरुषांची पंगत उठली, बायका बसल्या. वहिनी सगळ्यात शेवटी बसली. शेजारची बाई भात घेऊन पुढे आली, तर वहिनीने हात आडवा धरला. आत बघून म्हणाली, "तू वाढ गो."

सुनेने वाढलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. वहिनीने पहिला घास घेतला, तो बराच वेळ तोंडात धरला आणि मग गिळला.

माझ्याशी वहिनी अजून बोलत नाही. जे मुंबईला असल्यामुळे त्या पंगतीला नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे.