फेडरेशनकाका आणि त्यांचे दाढीवाले

सिडनीतल्या गिरावीनच्या बागेत आम्ही म्हातारी मंडळी गुडघ्यांबद्दल बोलायचो आणि हे गृहस्थ बोलायचे ऑस्ट्रेलियाचं फेडरेशन, म्हणजे सुट्या वसाहती जोडून एक देश, करणाऱ्या पहिल्यावहिल्या पुढाऱ्यांबद्दल. म्हणून त्यांचं नाव फेडरेशनकाका. खरं नाव कळलं तोवर त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

झालं असं, की सिटिझनशिप टेस्टचं पुस्तक आम्ही पास होण्यापुरतं वाचलं, काका त्याच्या प्रेमातच पडले. लायब्ररीतून जाडजाड ग्रंथ आणायला लागले. मुलगा म्हणायचा, "बाबा, टेस्टला एवढं नाही विचारत. चिल!" पण ऐकतील तर शप्पथ. "वहिनी, सहा वसाहती म्हणजे सहा जावांच्या सहा चुली. हद्दीवर जकात नाके! या दाढीवाल्या पुढाऱ्यांनी भांडत भांडत का होईना, सगळ्यांना एका पंगतीला बसवलं."

मी चिमटा काढायचे, "आणि त्या पंगतीत आपल्यासारख्या काळ्यासावळ्यांचं पान मांडलंच नाही, ते?"

काका कबूल करायचे. "नाही मांडलं, खरंय. तिथे चुकलेच ते. पण पंगत होती म्हणून उशिरा का होईना, आपण बसलो ना?"

मग कोविड आला. काकू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला शेजारच्या क्वीन्सलँड राज्यात, टूवूंब्याला गेलेल्या, आणि क्वीन्सलँडने हद्द बंद केली. काका इकडे, काकू तिकडे. त्यात काकूंना दमा. "वहिनी, दाढीवाल्यांनी उठवलेले नाके परत बसले हो," काका फोनवर म्हणाले. "हिला काही झालं तर मी पोचू कसा?"

गणपती आले. पूजेत संकल्पाला यजमानाच्या हाताला बायकोचा हात लागावा लागतो. गुरुजी लॅपटॉपवर, आम्ही सगळेही आपापल्या घरून त्यातच, आणि काकू फोनवर. गुरुजी म्हणाले, "हाताला हात लावा." काकांनी फोन उचलून आपल्या कोपराला टेकवला. "लाव गं," म्हणाले. तिकडे काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं असणार, कारण काका म्हणाले, "लागला." "चालेल," गुरुजी म्हणाले. आमच्यातल्या दोघीतिघींनी पटापट कॅमेरे बंद केले.

हद्द उघडली तसे काका मुलाच्या गाडीने निघाले, ते कायमचे तिकडे राहायला. वाटेत मला व्हिडिओ कॉल. रस्त्याकडेच्या राज्याच्या हद्दीच्या पाटीखाली उभे, एक पाय अलीकडे, एक पलीकडे. "वहिनी, पायाला काही म्हणजे काही कळत नाही बघा! हेच तर हवं होतं दाढीवाल्यांना!" मागून हॉर्न वाजत होता. "बाबा, चला ना! आईचा तिसरा फोन आलाय!"

गेल्या वर्षी काका टूवूंब्यातच गेले. शेवटचं पाणी काकूंच्या हातचं मिळालं, एवढं एक बरं झालं. काकूंना भेटायला आम्ही गाडीने निघालो. वाटेत मला डुलकी लागली, आणि सून म्हणाली, "आई, बॉर्डर मघाशीच गेली."

"वळव गाडी," म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

पाटीखाली चपला काढून उभी राहिले. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. खरंच हो काका, पायाला काही कळत नाही.