न दुखणारं पोट

आईचा मला संशय आला तो ओट्यामुळे. भाकरी थापताना ती पोट ओट्याच्या कडेला दाबून उभी राहायची आणि मी आत आलो की चटकन बाजूला व्हायची. विचारलं की एकच उत्तर, काही होत नाही. ताटात घेतलेलं मात्र हळूच पातेल्यात परत जायचं. मग मी पाळतच ठेवली. स्वतःच्या आईवर पाळत ठेवावी लागते याचा रागही यायचा.

आई वारली समाजातली, जव्हारकडची. लहानपणापासून आश्रमशाळेत राहिलेली, लग्नानंतर लालबागच्या आमच्या चाळीत आली. ती दिवसा आडवी झालेली मी कधी पाहिली नाही. अंगात ताप असला तरी भिंतीला टेकून बसायची. शेजारणी तिला काटक म्हणायच्या. मला ते कौतुक कधीच पटलं नाही.

शेवटी माझी पाठ धरलीय, सोबत चल, अशी थाप मारून तिला परळच्या एका इस्पितळात नेलं. नाव तिचं पुकारलं गेलं तेव्हा तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून सोसत नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या. पोट दाबत, इथे दुखतं का, इथे, असं विचारत गेल्या. आई हसून नाही म्हणत राहिली. ओठावर घाम फुटला तरी नाहीच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्यांनाही शंका आली होती. त्या सोनोग्राफीचं विचारायला बाहेर गेल्या आणि मी आईवर चिडलो, आता तरी खरं बोल म्हणालो.

"आश्रमशाळेत माझ्या धाकट्या बहिणीनं सरांना सांगितलं होतं, पोट दुखतंय म्हणून," आई म्हणाली. "मी वर्गात होते. त्यांनी तिला घरी धाडली. ती परत आलीच नाही. मग आमच्यातल्या कुणीच कधी सांगितलं नाही. सर विचारायचे, आम्ही नुसत्या हसायचो."

मला एक मावशी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

आईने माझं मनगट धरलं. "खरं सांगितलं तर मला इथं टाकून जाशील?"

"नाही जाणार," मी म्हणालो.

बाई आल्यावर तिने त्यांचा हात धरून दुखरी जागा दाखवली. त्यांनी लगेच दाखल करायला सांगितलं. वॉर्डाच्या दारात सिस्टर मला म्हणाल्या की हा बायकांचा वॉर्ड आहे, पुरुषांना इथे थांबता येणार नाही.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "थांबलं दुखायचं. घरी चल."