मिशीवाले मासे ओळखणारा रोनी

टोपलीतला बांगडा आजचा की कालचा, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगते. माझी खानावळ त्यावरच चालते. पण आमचा शेजारी रोनी जे मासे ओळखतो ते ना तव्यावर चालतात, ना कालवणात. काचेच्या टाकीच्या तळाला चिकटून बसायचं आणि शेवाळ खरवडायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांचं नाव ब्रिसलनोज. मी त्यांना मिशीवाले म्हणायचे आणि रोनी चिडायचा.

"वयनी, मिशी नराक. मादीक नाय."

मग टॉर्च मारून मला बळेच दाखवायचा. नराच्या नाकावर मऊ फाटे फुटलेले. मादीचं नाक साफ, फार तर ओठाच्या कडेला बारीक काटे. पिवळट अंगाचा आणि लाल डोळ्यांचा तो अल्बिनो. नारिंगी अंगावर काळे डाग, तो कॅलिको. काळ्याभोर अंगावर पांढरे ठिपके आणि शेपटीला पांढरी किनार असलेला तर त्याचा फारच लाडका. हे सगळं मी ऐकून घ्यायचे, कारण दिवसभरात त्याच्याशी बोलणारी शहाणी माणसं म्हणजे मी एकटीच.

"आणि ह्यो रे?" एकदा मी विचारलं.

"ह्यो साधो सकर. दुकानवाले ह्येकाच मिशीवालो म्हणान खपवतत. पोरां असताना सगळी सारखीच दिसतत. पाठीवरचो पर बघ, शिडासारखो उंच आसा. ह्यो मगे हातभर वाढतलो आणि टाकीत वळाक जागा उरायची नाय."

पुण्या-कोल्हापुरातून लोक त्याला फोनवर फोटो पाठवायचे, हा कुठल्या जातीचा, नर की मादी. रोनी पलंगाच्या कडेवर बसून उत्तरं द्यायचा. पलंगावर त्याची आई असायची, अँजेलिनाबाय.

रोनी बोटीवर खानसामा होता. कुठकुठली बंदरं पाहून आलेला माणूस. आईला विसर पडायला लागला तेव्हा तो रजेवर आला आणि राहिला तो राहिलाच. बहीण रिशेल मडगावला, तिचा संसार, तिची शाळेतली नोकरी. अँजेलिनाबाय पहाटे उठून धक्क्यावर जायची आणि नवऱ्याच्या होडीची वाट पाहत बसायची. पेद्रू जाऊन किती वर्षं झाली, तिला कोण सांगणार? एकदा ती भरतीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभी सापडली. त्या दिवशी रोनीने दाराला वरच्या बाजूला, तिचा हात पोचणार नाही अशी कडी ठोकली. तेव्हापासून ती कडीच्या आत आणि तिच्याबरोबर तोही. बाजारात जायचं तर मला हाक मारायचा. केस कापायला जायचं तर माझी सवड पाहायचा. जग बघितलेल्या माणसाने शेजारणीला विचारून घराबाहेर पडावं, हे बघून माझाच जीव गुदमरायचा.

टाकीत त्याने करवंट्या पालथ्या घातल्या होत्या, एका बाजूने दार कोरलेल्या. एका करवंटीत ठिपकेवाला नर दारात अंग आडवं लावून बसलेला असायचा. आत नारिंगी अंडी. शेपटीने त्यांना सारखा वारा घालायचा, खायलासुद्धा बाहेर यायचा नाही.

"आणि बायल खंय गेली?" मी विचारलं.

"ती अंडी घालून जाता. बापूस बसता."

"म्हणजे तुझ्यासारखोच मेलो," मी म्हटलं. थट्टाच केली होती. रोनीने टॉर्च विझवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग म्हापशाहून मंगेश आला. त्याचं तिथे माशांचं मोठं दुकान. त्याच्याकडे येणाऱ्या खोक्यांत सगळी पिल्लं सरमिसळ असायची आणि चुकीचा मासा गळ्यात पडलेली गिऱ्हाइकं दुकानात येऊन भांडायची. तो पाण्याने फुगवलेली एक पिशवी घेऊन आला होता, आत बोटाच्या पेराएवढी पिल्लं. रोनीने ती बशीत घेतली, एकेक न्याहाळली आणि वेगवेगळ्या भांड्यांत टाकली. मंगेश म्हणाला, "दुकानाच्या वर खोली आहे. या महिन्यातच या. मला तुमचा डोळा पाहिजे."

रोनी त्या दिवशी माझ्याकडे येऊन जेवला. मागून सोलकढी प्यायला. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. रिशेलने मडगावजवळ नन्सच्या आश्रमात आईसाठी जागा विचारली होती, तीही मिळाली. मला फार बरं वाटलं. सुटला एकदाचा, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

पण त्याचा पाय निघेना. अंडी फुटू देत, म्हणायचा. पिल्लं थोडी मोठी होऊ देत. रिशेल फोनवर तापायची आणि इथे मी.

एका सकाळी त्याची हाक ऐकू आली ती नेहमीसारखी नव्हती. मी हातातलं वाटण तसंच टाकून धावले. अँजेलिनाबाय टाकीपाशी उभी होती, बांगडे खारवायच्या खडेमिठाची बरणी कुशीत धरून. बरणी रिकामी होती. पाणी दुधासारखं गढूळ झालं होतं आणि मासे काचेवर आपटत होते. रोनी बादल्यांनी पाणी काढत होता, विहिरीचं ओतत होता.

"माशांका समुद्राचा पाणी लागता रे," ती शांतपणे सांगत होती. "हे गोड्या पाण्यात घुसमाटत होते. म्हणान मीठ घातलंय."

तिचं काय चुकलं? साऱ्या जन्मात तिने खाऱ्या पाण्यातलाच मासा पाहिला होता. पण नदीतले ते मासे, त्यांना मीठ कुठलं सोसतंय? दुपारपर्यंत सगळे गेले. ठिपकेवाला नर करवंटीच्या दारातच मेला, शेवटपर्यंत बाहेर आला नाही. रोनीला तो ओढून काढावा लागला.

तो रडला नाही. हात पुसले आणि रिशेलला फोन लावला. "ये आणि हिका घेवन जा," एवढंच म्हणाला.

रविवारी रिशेल गाडी घेऊन आली. मी वाटेत खायला घावने बांधून नेले. अँजेलिनाबायची बॅग गाडीत ठेवून झाली. दाराची कडी काढलेली होती, दार सताड उघडं. ती पलंगावर बसली होती, नवा झगा घालून, आणि रोनी खाली बसून तिच्या पायात चपला घालत होता. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचं तोंड वर करून बराच वेळ निरखलं.

"पेद्रू," ती म्हणाली, "माका तुझ्याकडे एक मागायचा आसा."

रोनीने दुसरी चप्पल जवळ ओढली.

"आपल्या झिलाक जाऊक दी रे. तेका हयसर बांधून घालू नको. तो माझ्यासाठी रवतलो, माका ठावक आसा. तू बापूस, तू सांग तेका. रोनीक सांग, जा म्हणान."

रिशेल दारातच थांबली. मी पदर तोंडाला लावला. रोनीच्या हातात तिचं पाऊल तसंच होतं.

"तो गेलो गो, अँजेलिना," रोनी म्हणाला. आईला त्याने नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"गेलो? खरांच?"

"गेलो. कालच गेलो."

तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "बरां झाला," ती म्हणाली. "आणि तू? तू तरी रवतलस मा हयसर?"

रोनीने तिच्या पायातली चप्पल हळूच काढली.

"मी खंय जातंय? मी आसंय."

रिशेल गाडीकडे गेली आणि बॅग परत घेऊन आली.